गिऱ्हाइकाच्या खुर्चीतला मधुचंद्र

कामगार खात्याचा इन्स्पेक्टर दारात दिसला तेव्हा मुनाफ अरीजला तिकिटाची तारीख कशी बदलायची ते शिकवत होता. तेही काउंटरच्या आत, स्वतःच्या जुन्या खुर्चीत बसून. आणि नेमकं तिथंच बसायला त्याला बंदी होती.

जेद्दाच्या अल अझीझिया भागातल्या त्या ट्रॅव्हल ऑफिसात मुनाफनं उभी जवानी घालवली होती. रत्नागिरीच्या खाडीकाठचा हा माणूस तिकिटं काढण्यात इतका तरबेज, की निम्म्या कोकणाची ये-जा त्याच्या दोन बोटांवर चालायची. मग सौदीकरण आलं आणि काउंटरवर सौदी माणूसच हवा असं ठरलं. मालकानं, म्हणजे शेखनं, कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली अरीज नावाची मुलगी नेमली आणि मुनाफला मागच्या खोलीत बसवलं. मुलगी गुणी होती. मुनाफला 'अम्मू', म्हणजे काका, म्हणायची आणि सांगितलेलं सगळं मनापासून शिकायची. पण मागच्या खोलीतून ओरडून काम कसं शिकवणार? म्हणून गिऱ्हाईक नसलं की मुनाफ हळूच पुढे येऊन बसायचा. इकाम्यावर, म्हणजे सौदीत राहण्याच्या परवान्यावर, त्याचा हुद्दा होता गोदाम कामगार. गोदाम कामगार काउंटरवर सापडला तर शेखला दंड आणि मुनाफला कायमचा घरचा रस्ता. त्याची मुलगी शबनम बारावीला होती, त्यामुळे हा रस्ता त्याला आत्ता मुळीच नको होता.

इन्स्पेक्टर फोनवर बोलत बोलत दार ढकलत होता. तेवढ्या वेळात मुनाफ काउंटरची फळी उचलून बाहेर आला आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला. पोट सुटलेल्या माणसाला इतकं चपळ होता येतं हे त्याचं त्यालाही नवीन होतं.

"चालू द्या तुमचं काम," इन्स्पेक्टर अरबीत म्हणाला आणि मुनाफच्या शेजारची खुर्ची ओढून बसला. "मी फक्त बघतो. मुलगी खरंच काम करते का नुसती बसवून ठेवलीय, ते बघायला आलोय."

अरीजचा चेहरा पडला. तिनं एकदा मुनाफकडे पाहिलं, एकदा त्याच्या खुर्चीकडे पाहिलं, आणि मग त्यानंच शिकवलेल्या गोड आवाजात विचारलं, "या, स्वागत आहे. कुठे जायचंय आपल्याला?"

मुंबई म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण आयुष्यभर दुसऱ्याला हा प्रश्न विचारलेल्या माणसाला तो कुणी विचारला की काय होतं, ते मुनाफला त्या दिवशी कळलं. त्याला जगातल्या एकाही शहराचं नाव आठवेना. अरीजच्या डोक्यामागे भिंतीवर एक पोस्टर होतं. निळा समुद्र, डोंगराच्या कड्यावर पांढरीशुभ्र घरं, खाली एक भलीमोठी बोट.

"तिथं," मुनाफ बोट दाखवून म्हणाला.

"सांतोरिनी! पण सर, ती बोटीची सफर हनिमूनवाल्यांसाठी आहे."

"मग हनिमूनलाच जायचंय."

इन्स्पेक्टरनं मुनाफच्या अर्ध्या पांढऱ्या दाढीकडे नीट पाहिलं. "नवीन लग्न?"

"लग्न जुनं आहे," मुनाफ म्हणाला. "हनिमून राहिलाय."

एवढ्या गोंधळातही त्याच्या तोंडून खरंच निघालं होतं. इन्स्पेक्टरनं आपली खुर्ची थोडी पुढे ओढली.

अरीजनं कॉम्प्युटरवर काम सुरू केलं. आडनाव, मग नाव. मशीन काही ते घेईना. मुनाफचे हात शिवशिवायला लागले. दोन मिनिटं त्यानं कळ काढली, मग छताकडे बघत म्हणाला, "मी कुठंतरी ऐकलंय की आडनाव आणि नावाच्या मध्ये एक तिरकी रेघ देतात म्हणे."

"देतात, देतात!" अरीज आनंदून म्हणाली. पुढे पासपोर्टचे नंबर आले, तर मुनाफनं स्वतःचा आणि बायकोचा असे दोन्ही नंबर तोंडपाठ सांगितले. इन्स्पेक्टरच्या भुवया वर गेल्या. मोबाइल नंबर विचारला तेव्हा मात्र मुनाफ अडखळला. त्याचा नंबर बाहेर दुकानाच्या पाटीवर हातभर मोठ्या अक्षरांत लिहिलेला होता. घाईघाईत त्यानं बायकोचा, हाजराचा, नंबर दिला.

"खोली खिडकीवाली की बिनखिडकीची?"

"बिनखिडकीची," मुनाफ म्हणाला. कुठं जायचंच नव्हतं, पण उगाच आकडा फुगायला नको. "मला वारा बाधतो."

"हनिमूनला आणि खिडकी नाही?" इन्स्पेक्टरला राहवेना. "तुझ्या वाऱ्याचं काय घेऊन बसलास? ती बिचारी काय भिंत बघणार? बाल्कनी दे गं त्यांना. आणि जेवण हलाल मिळतं का ते विचार."

जेवण हलाल मिळत होतं. अरीजनं बाल्कनी दिली. हे नाटक आहे हे ती एव्हाना पार विसरली होती. तिच्या हातून होणारं हे पहिलंच मोठं बुकिंग होतं. मुनाफ काउंटरखालून पाय हलवून थांब अशा खुणा करत राहिला आणि तिनं शेवटची कळ दाबली. प्रिंटर कुरकुरला. इन्स्पेक्टरनं बुकिंगचा नंबर आपल्या रिपोर्टात उतरवून घेतला, अरीजची पाठ थोपटावी तसं "शाब्बास" म्हणाला आणि पोस्टरखालचं एक माहितीपत्रकही 'रिपोर्टला जोडायला' म्हणून उचलून घेऊन गेला.

"कॅन्सल कर!" दार बंद होताच मुनाफ ओरडला.

"खबरदार!" मागच्या खोलीतून शेख बाहेर आला. "नंबर त्याच्या रिपोर्टात गेलाय. उद्या त्यानं तपासलं आणि कॅन्सल दिसलं तर मी पण खलास, तू पण खलास. जाऊन ये गुपचूप. पगारातून थोडे थोडे कापून घेईन. यल्ला, मबरूक! अभिनंदन!"

मुनाफ घरी पोचला तेव्हा दारातच त्याला उदाचा वास आला. हाजराच्या मोबाइलवर बोट कंपनीचा संदेश येऊन पडला होता. इंग्रजी होता म्हणून तिनं तो शेजारच्या मेहनाजकडून वाचून घेतला होता, म्हणजे तो आता साऱ्या बिल्डिंगनं वाचल्यात जमा होता. शबनम सोफ्यावर उशीत तोंड खुपसून बसली होती.

"अब्बा, हनिमून? सीरियसली? मैं स्कूल में क्या बोलूँ?"

"गप गो," हाजरा म्हणाली आणि मुनाफला स्वयंपाकघरात घेऊन गेली. मुनाफनं खरं सांगायचं ठरवलं होतं. रस्ताभर वाक्य जुळवत आला होता. त्यानं तोंड उघडलं.

"अवो, मना आधी सांगलाव नाय," हाजराच म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "लग्नाच्या हप्त्यातच तुमची रजा सरली. हातावरची मेंदी पण उतरली नव्हती आणि तुमी इमानात बसलाव. मी कवा बोलून दाखवलं नाय. मना वाटायचं, तुमी इसरलाव. पन तुमच्या ध्यानात होतं, नाय?"

मुनाफनं तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत इतकी खूश झालेली हाजरा त्यानं पाहिली नव्हती, आणि याचं कारण आपण नसून एक इन्स्पेक्टर आहे, या विचारानं त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"होतं ना," तो म्हणाला.

एकदा हे म्हटल्यावर मागे फिरायची वाटच उरली नाही. इन्स्पेक्टर आला होता, काउंटर, खुर्ची, यातलं एक अक्षरही आता हाजराच्या कानावर जाता कामा नये, अशी त्यानं अरीजला आणि शेखला शपथ घातली. व्हिसे झाले. शबनमची सोय मेहनाजकडे झाली. हाजरानं बॅगेत सोडे, कोकमं आणि लोणच्याची बरणी भरली, कारण बोटीवरचं जेवण हलाल असलं तरी त्याला चव असेल याची कोण खात्री देणार? विमानानं अथेन्स, तिथून बोट, आणि एका सकाळी बाल्कनीतून समोर अगदी पोस्टरमधलंच बेट.

"माशाल्ला!" हाजरा म्हणाली आणि तिनं मुनाफचा हात धरला. मुनाफला वारा बिलकूल बाधला नाही.

बोट बेटापासून लांब उभी राहिली आणि लहान होड्यांनी माणसं धक्क्यावर सोडली. गाव मात्र थेट डोंगराच्या माथ्यावर. वर जायला दोन साधनं होती, एक गाढव आणि दुसरा तारेवरून जाणारा पाळणा. गाढवांभोवती गोऱ्या लोकांची झुंबड उडाली होती.

"आमच्या गावात मानसाची गाढवावरनं धिंड काढतात," हाजरा म्हणाली. "हितं काय पैसे देऊन काढून घ्यायची?"

म्हणून ती दोघं पाळण्यात बसली. दार लागता लागता आणखी एक जोडपं घाईनं आत शिरलं आणि समोर बसलं. बाई काळ्या अबायात, हसतमुख. पुरुष जीन्स आणि फुलाफुलांचा शर्ट घातलेला, डोक्यावर वेताची हॅट. त्यानं हॅट काढली आणि मुनाफनं त्याला ओळखलं. तो इन्स्पेक्टर होता.

इन्स्पेक्टरनंही त्याला ओळखलं. "अरे, तू! मिळाली ना बाल्कनी?"

"मिळाली, मिळाली. अल्लाची मेहरबानी."

पाळणा सुटला. मुनाफ मनाशी म्हणाला, एवढंच अंतर आहे, गप्प बसलो की झालं. तो गप्प बसलाही. पण हाजरा आणि ती बाई गप्प बसायला आल्याच नव्हत्या. हाजराचं अरबी जेद्दाच्या भाजीबाजारात आणि दवाखान्यांत शिकलेलं, व्याकरण नसलेलं पण न अडणारं. पाळणा पाव वाटेवर पोचेपर्यंत दोघींची मुलं किती, गुडघे कुणाचे जास्त दुखतात आणि जेद्दात कुठं राहता, एवढं सगळं विचारून झालं होतं.

"सफर किती छान निवडली तुम्ही," ती बाई म्हणाली.

"निवडनारच!" हाजराची छाती अभिमानानं फुलली. "आमच्या यांचं कामच हाय ते. अझीझियात मोठं ट्रॅव्हल ऑफिस हाय ना, तिथं काउंटरला बसतात. किती वर्षं झाली! आता एक सौदी पोरगी ठेवलीय, तिला पन यांनीच शिकवलं."

मुनाफनं काचेतून खाली पाहिलं. खाली समुद्र होता आणि त्या समुद्रात त्याला आपला इकामा, अझीझियातलं घर आणि शबनमची बारावी एकामागोमाग एक बुडताना दिसली. त्यात हाजराचा काय दोष? तिला बंदीचं आणि इन्स्पेक्टरचं खरं सांगितलं असतं तर ती मेली तरी बोलली नसती. तिचा आनंद जपायला आपण तोंड बंद ठेवलं आणि त्याच तोंडाची ही शिक्षा मिळतेय, हे त्याला कळलं.

"काउंटरला?" इन्स्पेक्टरनं सावकाश विचारलं. आता त्याचा शर्ट फुलाफुलांचा असूनही तसा वाटत नव्हता.

मुनाफ काही बोलणार तेवढ्यात इन्स्पेक्टरच्या बायकोनं टाळी वाजवली. "मग तुम्ही आमच्या यांना बघितलं असणारच! लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी मला कुठे नेलं नाही. आणि आता बघा, माझ्यासाठी म्हणून अझीझियातलं एकूण एक ट्रॅव्हल ऑफिस पायी फिरले. प्रत्येक ठिकाणी स्वतः आत जाऊन, बसून, सगळं बारकाईनं बघितलं. मग कुठे ही सफर पसंत केली. मी आईला सांगितलं तर तिला खरंच वाटेना!"

आता इन्स्पेक्टरनं काचेतून खाली समुद्राकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. मुनाफनं त्या कानांकडे पाहिलं आणि त्याला सगळं लख्ख समजलं: सरकारी तपासणीच्या फेऱ्या यानं घरी बायकोसाठीच्या फेऱ्या म्हणून खपवल्या होत्या. गिऱ्हाइकाची अडचण ओळखण्यात त्याची हयात गेली होती.

"बघितलं तर!" मुनाफ बाईंना म्हणाला. "असं बारीक नजरेचं गिऱ्हाईक आमच्या बाजारात दुसरं नाही. आले, बसले, खोलीला बाल्कनी आहे का, जेवण हलाल आहे का, सगळं स्वतः विचारलं. म्हणाले, ती बिचारी काय भिंत बघणार?"

"असं म्हणाले?" ती बाई नवऱ्याकडे वळून बघतच राहिली.

इन्स्पेक्टरनं घसा साफ केला. मग तो हाजराकडे वळला, अगदी साक्षीला उभा राहिल्यासारखा.

"बहिणी, त्या दिवशी तुझा नवरा माझ्या शेजारच्याच खुर्चीत बसला होता. माझ्यासमोर त्यानं तुझ्यासाठी हे बुकिंग केलं. दुसरं कुठलंही ठिकाण त्यानं मागितलं नाही. माझा हनिमून राहिलाय, असं म्हणाला. मी माझ्या कानांनी ऐकलंय."

हाजरानं ओढणीनं डोळे पुसले. मुनाफला वाटलं, यातला एक शब्दही खोटा नाही. मग आपण इतके दिवस कशाला घाबरत होतो?

वर पोचल्यावर दोघी हातात हात घालून पांढऱ्या घरांच्या गल्लीत पुढे निघाल्या. एकमेकींचे फोटो काढून झाले, नंबर घेऊन झाले, आणि पुढच्या वर्षी चौघांनी मिळूनच कुठंतरी जायचं हेही पहिल्या वळणावरच ठरून गेलं. हाजरानं मागं वळून मोठ्यानं तसा हुकूमही सोडला.

दोघे नवरे पर्सा आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळत मागून चालले होते. शेवटी मुनाफनंच भीत भीत विचारलं, "आता पुढच्या वर्षी यांना कुठं न्यायचं?"

इन्स्पेक्टरनं हॅट डोक्यावर नीट बसवली आणि पुढे चाललेल्या आपल्या बायकोकडे पाहिलं.

"ते तू सांग, भाऊ," तो म्हणाला. "काम तुझंच आहे."