शेंगा चटणीचा निष्पक्ष रिव्ह्यू

बायकोच्या चटणीबद्दल चार चांगले शब्द बोलायला कुठल्याही नवऱ्याला विचार करावा लागत नाही. बोटावर घ्यावी, मान डोलवावी, "झकास" म्हणावं आणि अजून एक भाकरी मागावी, इतकं सरळ काम. पण जुळे सोलापुरातल्या सिद्धांत बनसोडेने विचार केला. विचाराअंती त्याने ठरवलं की आपण निष्पक्ष राहायचं. पुढचा सगळा घोटाळा या एका निर्णयातून झाला.

सिद्धांत टेक्नॉलॉजीवर लिहायचा. पुण्यातल्या एका वेबसाइटसाठी. नवे फोन, इअरफोन, मनगटावरची हुशार घड्याळं कुरिअरने त्याच्या घरी यायची. तो ती वापरायचा, त्यांची परीक्षणं लिहायचा आणि माल परत पाठवायचा. (परत पाठवण्याचा दिवस आला की त्याची बायको मनाली त्याच्याशी बोलायची नाही.) वस्तू कितीही चांगली असो, सिद्धांत तिच्यात खोट काढल्याशिवाय राहायचा नाही. याचा त्याला भारी अभिमान होता.

मग मंदी आली. लोकांनी फोन घेणं थांबवलं, कंपन्यांनी जाहिराती थांबवल्या आणि वेबसाइटच्या मालकाने एका व्हिडिओ कॉलवर, स्वतःचा कॅमेरा बंद ठेवून, "आपण सगळे एक कुटुंब आहोत" असं सांगत कुटुंबाला घराबाहेर काढलं. सिद्धांत इतका संतापला की त्याने मालकाला, सरकारला, शेअर बाजाराला आणि सांत्वनाला आलेल्या मेहुण्याला एकाच दमात झापलं. मेहुण्याची चूक एवढीच, की "मग आता पुढं काय?" असं त्याने विचारलं होतं.

त्याच्या आईला, मनकर्णाबाईंना, मात्र नोकरी गेल्याचं पटेचना. तीच खुर्ची, तोच लॅपटॉप, तोच तासातासाला चहा.

"आदी बी हितंच बसायचा की," त्या म्हणायच्या. "मग गेलं काय?"

गेलं काय ते फ्लॅटचा हप्ता भरायच्या वेळी कळलं. तेव्हा मनालीने पदर खोचला. सासूबाईंचं माहेर सांगोल्याकडचं, हात शेंगा चटणीत बसलेला. त्यांनी उखळात तेल सुटेपर्यंत कांडायचं आणि मनालीने पिशव्या भरून कॉलनीत विकायचं, असं सुरू झालं. चटणी खपू लागली. पण कॉलनीत खपून खपून किती खपणार? हप्ता थकला तर फ्लॅट सोडून गावाकडच्या दोन खोल्यांत जावं लागणार होतं आणि लेकीची शाळा बदलावी लागणार होती. मनालीला रात्री झोप लागत नव्हती.

अशात शेजारच्या इमारतीतल्या राजशेखरने कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, की पुण्यातल्या आमच्या कंपनीच्या कँटीनला दर महिन्याला चटणी लागणार आहे, मनालीवहिनींची घेऊ की त्यांच्याच इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या बनाबाई मावशींची?

मनाली धावत आली. "अहो, ग्रुपवर दोन ओळी लिहा की. तुमचं लोक ऐकतात. ही ऑर्डर मिळाली तर घर राहील बघा."

"माझी बायको विकते म्हणून मी कौतुक करू? माझ्या क्रेडिबिलिटीचं काय?"

"तुमच्या क्रेडिबिलिटीत किती किलो शेंगा येतात ते सांगा," म्हणून मनाली मिरच्या आणायला बाजारात गेली.

सिद्धांतच्या जिव्हारी लागलं ते. नोकरी गेली म्हणून काय तत्त्वंही गेली? दोन्ही चटण्यांची रीतसर तुलना करायची असं त्याने ठरवलं. बनाबाईंकडे नमुना मागावा तर पक्षपाताचा संशय. पण स्वयंपाकघरात गेला तर ओट्यावर बनाबाईंचाच स्टीलचा डबा. झाकणावर नाव घातलेलं, आत काठोकाठ शेंगा चटणी. आई आत झोपली होती. तिला कशाला उठवायचं?

त्याने घरची नवी पिशवी फोडली. खिडकीच्या उजेडात दोन बशा मांडल्या, फोटो काढले, मध्ये मध्ये पाण्याने चूळ भरली, चिमटीत घेऊन तेल तपासलं. कितीतरी दिवसांनी त्याला काम केल्यासारखं वाटलं. मग त्याने ग्रुपवर लिहिलं ते असं:

"घरची चटणी: कांडण किंचित भरड. लसूण आक्रमक. तिखटाचा रिस्पॉन्स उशिरा मिळतो. बनाबाईंची चटणी: पोत एकजीव, लसूण अगदी बेताचा, शेंगदाण्याचा खरपूसपणा जिभेवर रेंगाळतो. निकाल: थोडक्या फरकाने बनाबाई. (सूचना: परीक्षकाचे घरच्या चटणीशी कौटुंबिक संबंध आहेत.)"

राजशेखरचं उत्तर लगेच आलं. "सर, बायकोच्या विरोधात लिहायला छाती लागते ओ. बनाबाई फायनल."

सिद्धांतची छाती खरंच भरून आली. ती मनाली परत येईपर्यंतच भरलेली राहिली. मनालीने मिरच्यांची पिशवी खाली ठेवली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"घर गेलं," ती म्हणाली. "तुमच्या मालकानं तुमची नोकरी घेतली. माझी तुम्हीच घेतलीत."

"मनाली, वाचकाशी प्रामाणिक..."

"वाचक हप्ता भरतो का?"

बोलण्याच्या आवाजाने मनकर्णाबाई उठून आल्या. सुनेने त्यांना सगळं वाचून दाखवलं. त्यांचा चेहरा मिरचीसारखा होत गेला.

"कुनाचं कांडन भरड? लहानपनी ह्या चटनीशिवाय घास उतरत न्हवता तुज्या गळ्याखाली. आता आक्रमक झाली व्हय ती?"

तेवढ्यात बेल वाजली. दारात बनाबाई. सिद्धांतला हायसं वाटलं, आपलं कौतुक करणारं एक तरी माणूस आलं. पण बनाबाईंच्या गळ्यातली तुळशीची माळसुद्धा थरथरत होती.

"भाऊ, माज्या चटनीत लसूण अगदी बेताचा, असं तुमीच लिव्हलं का?"

"मावशी, चांगलंच लिहिलंय की."

"आवो, आमी माळकरी. आमच्या घरात लसणाचं टरफल येत न्हाय. आमच्या भजनातल्या बाया डोळं झाकून माज्याकडनं चटनी नेत्यात. आता फोनावर फोन, की बनाबाई, इतकी वर्सं आमाला लसूण खाऊ घातला व्हय? त्या कँटीनच्या पायी माजं हक्काचं गिऱ्हाइक तोडलं की तुमी. काय वाकडं केलं हुतं मी तुमचं?"

"पण मावशी, मी तुमच्या डब्यातलीच खाल्ली. हा काय डबा."

सगळ्यांनी डब्याकडे पाहिलं. मनकर्णाबाईंनी कपाळावर हात मारला.

"आरं, ह्यातली बनाबाईंची चटनी कवाच संपली. डबा द्याचा हुता परत. रिकामा डबा कुनी देतं व्हय? म्हून मी आपली भरून ठिवली त्यात."

"लसणाची? मला?" बनाबाई म्हणाल्या.

"तुमाला न्हवं ओ. तुमच्या भारतला. आमच्या दारात उबा ऱ्हाऊन मागून खातो की."

भारत म्हणजे बनाबाईंचा थोरला मुलगा. बनाबाईंनी "पांडुरंगा!" म्हणत स्वतःची माळ मुठीत धरली.

मनाली मात्र एकेक शब्द तोलत म्हणाली, "म्हणजे डब्यातली पण आपलीच आणि पिशवीतली पण आपलीच?"

"एकाच कांडनातली," मनकर्णाबाई म्हणाल्या.

सिद्धांतने घसा खाकरला. "तसं असलं तरी बॅच-बॅचमध्ये थोडा फरक..."

त्याच्याकडे तिन्ही बायकांनी एकदमच पाहिलं. त्याने फोन उचलला आणि मनालीच्या समोर बसून, ती सांगेल तसं, ग्रुपवर सगळं कबूल केलं. दोन मिनिटांत राजशेखरचा फोन आला. मनालीने स्पीकर लावला.

"काय ओ सर, ही पण वहिनींची, ती पण वहिनींचीच? मग हरली कोण?"

"हरलं कुणी नाही," सिद्धांत म्हणाला.

"मग जिंकलं कोण ओ?" राजशेखर पोटभर हसला. "असू दे. वहिनी, दर महिन्याची ऑर्डर तुमची. आणि बिनलसणाची खाणारे बरेच आहेत आमच्यात. ती मावशींकडून घेतो. पावती मात्र सरांना लिहू देऊ नका."

मनालीने फोन ठेवला आणि खाली बसून ढसाढसा रडली. बनाबाईंनी तिला जवळ घेतलं. घर राहिलं होतं. मनकर्णाबाईंनी डब्यातली चटणी काढून त्यात गूळ भरला आणि डबा बनाबाईंच्या हातात दिला. भारतचं काय करायचं ते बघते म्हणत बनाबाई खाली गेल्या.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. भाकरी होती, चटणी होती, आणि वरून दह्याची कवडी. सिद्धांतशी कुणी बोलत नव्हतं. शेवटी आईलाच राहवलं नाही.

"सिद्धा, खरं सांग. माज्याच चटनीम्होरं माजी चटनी का रं हारली?"

हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून तो दुपारपासून वाट पाहत होता. हातातला घास ठेवून तो सरसावून बसला. त्याने समजावून सांगितलं, की आई, स्टीलचा डबा हातात घेतला की त्याला एक वजन असतं. झाकणाचा आवाज असतो. युजरचा पहिला अनुभव तिथेच ठरतो. पिशवीचं तसं नाही, कात्री शोधावी लागते, तिथे मूड जातो, आणि चव म्हणजे शेवटी एकूण अनुभवाचा भाग. लसणाच्या बाबतीतला निष्कर्ष त्याला आजही पूर्ण चुकीचा वाटत नव्हता, तेही त्याने प्रामाणिकपणे सांगितलं.

मनकर्णाबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. घास गिळला. पाणी प्यायल्या. मग सुनेकडे वळून काळजीने म्हणाल्या, "मनाली, ह्याला मंदीमुळंच काडलं म्हनत्यात, ते खरं हाय न्हवं?"