अध्यक्षांचं एक वाक्य

आमच्या गावात कुणी वारलं, की दहाव्याला अध्यक्ष त्याच्याबद्दल एकच वाक्य बोलायचे. ते वाक्य खरं असायचं. त्यामुळे गावातले बरेच लोक मरायला बिचकायचे.

अध्यक्ष म्हणजे भानुदासअण्णा. कधीकाळी जिल्हा परिषदेचे अध्यक्ष होते. त्याला जमाना झाला, पण आमच्याकडे पद एकदा चिकटलं की निघत नाही. मुदत संपली त्या दिवशी दिव्याची गाडी नगरलाच सोडून ते एसटीने शेवगावला उतरले आणि तिथून दुधाच्या टेम्पोत बसून गावात आले. ड्रायव्हर पुढे बसा म्हणाला, तर म्हणाले, "पुढं तुझी म्हातारी बसलीय, तिला उठवू नको." आणि किटल्यांमध्ये उभे राहिले. पत्र्याचं घर तेव्हाही होतं, आजही तेच आहे.

माझा मंडप आणि लाउडस्पीकरचा धंदा. दहाव्याला नदीच्या घाटावर माईक माझाच असतो. आमच्या भागात दहावा म्हणजे अर्धी सभाच. पिंड मांडलेला, कावळे झाडावर ताटकळलेले, आणि इकडे श्रद्धांजली वाहायला पुढाऱ्यांची रांग. मयताचं नाव चिठ्ठीत बघून सांगणारेही मी पाहिलेत. "कधीही न भरून येणारी पोकळी" हे तर आता माझा ॲम्प्लिफायर एकटासुद्धा म्हणेल.

अण्णांची पद्धत वेगळी. दहाव्याआधी दोन दिवस ते मयताच्या शेजाऱ्यांकडे जायचे आणि ओट्यावर बसायचे.

"माणूस कसा हुता?"

"चांगला हुता."

"चांगला म्हंजे काय केलं, ते सांग."

इथे समोरचा डोकं खाजवायला लागायचा. मग अण्णा पुढच्या ओट्यावर. चार घरं फिरून एक गोष्ट हाती लागायची, तीच माईकवर. रंगनाथ व्यापारी गेला तेव्हा म्हणाले, "रंगनाथनं घोडेगावच्या बाजारात आजारी बैल कधी धडधाकट म्हणून इकला न्हाई." बाकीचे व्यापारी त्या दिवशी लवकर उठून गेले. सोनाबाई सगळ्या आळीशी भांडलेली. तिच्याबद्दल म्हणाले, "सोनाबाईनं आजचं भांडान कधी उद्यावर ठेवलं न्हाई." तिची सून दहा दिवसांत पहिल्यांदा रडली.

या वाक्याचा धाक मोठा. बबनरावांनी शेजाऱ्याचा बांध दोन हात कोरला होता. एकदा त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यातून सुटल्याबरोबर त्यांनी बांध होता तिथे नेऊन ठेवला आणि अण्णांना गाठलं. "अध्यक्ष, माझ्याबद्दल काय बोलाल?"

"आधी मर तर खरं," अण्णा म्हणाले, "मग बघू."

असे हे अण्णा एकदाच अडले. स्वतःच्या बायकोच्या दहाव्याला.

तिचं नाव हिराबाई, पण गाव जीजी म्हणायचं. अण्णा उभी हयात फिरतीवर. पद असताना सरकारी गाडीने, पद गेल्यावर एसटीने. कुणाच्या शाळेच्या खोलीसाठी, कुणाच्या रस्त्यासाठी. घरी का नव्हतात विचारलं, की उत्तर ठरलेलं, "जिल्हा मोठा हाय." मुलीच्या साखरपुड्याला पोचले तेव्हा पाहुणे जेवून सुपारी कातरत होते. तिथेही तेच म्हणाले. जीजी आतून म्हणाली, "व्हय, आन् घर बारीक हाय." सगळे हसले. अण्णाही हसले.

मागच्या हिवाळ्यात जीजी गेली. आठव्या दिवशी अण्णा माझ्या दारात. मला वाटलं, मंडपाचं बोलायला आले असतील. ते ओट्यावर बसले आणि माझ्या बायकोला हाक मारली.

"मंदा, जीजी कशी हुती?"

मंदा माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, "अण्णा, बायको तुमची. आम्ही काय सांगणार?"

"शेजाऱ्यालाच इचारायचं असतं. तुमी शेजारी हायेत."

"चांगल्या होत्या," मंदा म्हणाली आणि तिने जीभ चावली. पुढचा प्रश्न तिला माहीत होता. तो यायच्या आत घाईघाईने म्हणाली, "आन् गायच्या किती गोड!"

"कोन गायचं?"

"जीजी. बारशाला पाळणा त्याच म्हणायच्या. आमच्या दोन्ही पोरांचा त्यांनीच म्हणला. त्या आल्याबिगर गावात कुणी पोराचं नाव ठेवत नव्हतं."

अण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. बारशाला गडीमाणसं आत नसतात हे खरं, पण मी बाहेर स्पीकरपाशी बसून जीजीला किती वेळा ऐकलं होतं. तिचा आवाज पार वेशीपर्यंत जायचा. फक्त त्या वेळी अण्णा वेशीच्या आत नसायचे.

"घरी कधी बोलली न्हाई," ते म्हणाले. मग गुडघ्यावरच्या टोपीकडे बघत, "मी तरी कुठं इचारलं?"

एरवी त्यांना चार घरं पुरायची. या वेळी दोन दिवस ते अख्खं गाव फिरले. जीजी गात होती एवढं कळलं होतं, तरी पुढच्या घरी जाऊन पुन्हा तेच विचारायचे आणि पुन्हा तेच ऐकायचे.

दहाव्याला गर्दी लोटली. कावळा पिंडाला लगेच शिवला. बायका म्हणाल्या, जीजीची इच्छा काही मागे राहिली नव्हती. अण्णांनी मान खाली घातली. मला वाटतं, एखादी राहिली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. पुढाऱ्यांची पोकळी झाली. घरच्या माणसाने बोलायचा रिवाज नाही, तरी अण्णा उठले आणि माईकपाशी आले.

"हिरा गायची, असं मला गावानं सांगितलं."

एवढं बोलून ते तिथेच उभे राहिले. मी माईक बंद करायला विसरलो, आणि त्यांचं नाक ओढणं दोन्ही कर्ण्यांतून घाटभर ऐकू गेलं.

आता अण्णा दहाव्याला जात नाहीत. बारशाला येतात. आमंत्रण असो नसो, काठी टेकत येतात आणि बाहेर माझ्या स्पीकरच्या पेटीशेजारी पोत्यावर बसतात. सुरुवातीला बायका पदरात हसायच्या. आता पहिल्या घुगऱ्या त्यांनाच देतात.

गेल्या आठवड्यात एक बारसं होतं. आत कुणी नवी सून भराभर पाळणा म्हणत होती. संपल्यावर अण्णांनी विचारलं, "सुरेश, ती असंच म्हनायची का?"

इतरांना मी काहीही सांगितलं असतं. अण्णांपुढे खोटं बोलवत नाही. "चाल हीच, अण्णा. पण जीजी सावकाश म्हणायच्या."

"किती सावकाश?"

हे सांगायचं कसं? मी माईक बंद केला, इकडेतिकडे बघितलं आणि माझ्या घोगऱ्या आवाजात पाळण्याचं पहिलं कडवं म्हणून दाखवलं. साठीचा मंडपवाला पाळणा म्हणतोय. मला माझीच लाज वाटली आणि मी थांबलो.

अण्णांनी मिटलेले डोळे उघडले नाहीत. म्हणाले, "थांबू नको. पुढचं म्हन."