यक्तानची तेरा पोरं

अमेरिकेतल्या शुगर लँडच्या उन्हात आमच्या नवाथेकाकांची गाडी बाराही महिने बाहेर तापते, कारण गॅरेजमध्ये यक्तान राहतो.

यक्तान कोण, हे मलाही ठाऊक नव्हतं. मग काकांनी सांगितलं, आणि विसरायची सोय उरली नाही. बायबलात एबर नावाच्या गृहस्थाला दोन मुलगे आहेत, पेलेग आणि यक्तान. पेलेगच्या वंशात पुढे अब्राहाम वगैरे बडी मंडळी झाली. यक्तानच्या तेरा पोरांची नावं मात्र एका दमात उरकलीत, आणि नंतर त्याची कुणी फारशी चौकशीच करत नाही. अरब लोक त्याला कहतान म्हणतात. येमेनकडच्या जुन्या टोळ्यांचा तो मूळपुरुष. हा सगळा गोतावळा काकांनी गॅरेजच्या तीन भिंतींवर कागद डकवून मांडलाय. स्वतः रिटायर्ड पेट्रोलियम इंजिनीअर, रोज अथर्वशीर्ष म्हणणारा माणूस! माझी बायको एकदा म्हणालीच, "काका, ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात."

"यक्तान कुठला गं ऋषी? तेरा पोरांचा बाप तो. मुळाशी जा, मुळाशी!"

'मुळाशी जा' हे त्यांचं पालुपद. गणपतीत त्यांनी मंडळाच्या कमिटीला छळून एक भाषण पदरात पाडून घेतलं. तिसऱ्या पोरापर्यंत अर्धा हॉल जेवणाच्या रांगेत पोचला होता. काका डगमगले नाहीत. माइक सोडून थेट टेबलामागे गेले, मसालेभाताचा डाव हातात घेतला आणि प्रत्येक प्लेटीला एकेक नाव वाढत सुटले. "हसर्मावेथ! पुढे चला. ऊजाल! दिक्ला!" माझ्या वाट्याला ओफीर आला, आणि भात जरा कमीच.

एकदा काकांबरोबर गाडीत गॅस, म्हणजे पेट्रोल, भरायला थांबलो. आत काउंटरवर एक येमेनी गृहस्थ होते. काकांनी एकदम विचारलं, "आर यू कहतान?" तो माणूस दोन क्षण बघतच राहिला. मग काउंटरच्या बाहेर येऊन त्यानं काकांना कडकडून मिठी मारली, कॉफीचे पैसे घेतले नाहीत, आणि दोघं अर्धा तास आजोबा-पणजोबा करत बसले. परत गाडीत बसल्यावर काका म्हणाले, "किती चांगली माणसं असतात रे ही."

मी म्हणालो, "काका, फुकटच्या कॉफीला भुललात!" आणि खो खो हसलो. त्या हसण्याची आज मला लाज वाटते.

काकांना एकच मुलगी, लीना. तिची आई ती कॉलेजात असतानाच गेली. आठ वर्षांपूर्वी लीनानं नबील नावाच्या डॉक्टरशी लग्न केलं. काका लग्नाला गेले नाहीत. "कोण कुठला अरब," एवढंच म्हणाले, आणि तो विषय बंद झाला.

त्याच सुमारास पुण्याहून कुलवृत्तांताचा फॉर्म आला. साऱ्या नवाथ्यांची वंशावळ छापून निघणार होती. काकांना मराठी टायपिंग येत नाही, म्हणून मी बसलो. लीनाच्या नावापुढे त्यांनी सांगितलं, "अविवाहित."

"काका, नक्की?"

"टाइप कर."

मी केलं. घरच्या भानगडीत आपण कशाला पडा, असा शहाणा विचार केला. ग्रंथ छापून आला, आणि त्यात लीना अविवाहित राहिली.

गेल्या महिन्यात काकांनी मला गॅरेजमध्ये बोलावलं. नवी आवृत्ती निघणार होती. फॉर्म त्यांनी पेन्सिलनं आधीच भरून ठेवला होता. लीना: विवाहित. पती: डॉ. नबील. सासरचं मूळ गाव: हद्रामौत प्रांत, येमेन. सासरचं घराणं: कहतान. हसर्मावेथ म्हणजेच हद्रामौत; भिंतीवर त्या नावाभोवती लाल पेनानं केलेलं वर्तुळ मी इतकी वर्षं पाहत होतो. आत्ता मला ते वाचता आलं.

खाली लिहिलं होतं, अपत्ये: एक कन्या. पुढची जागा कोरी.

"नाव काय, काका?"

"माहीत नाही रे. मुलगी झाली, एवढं तिच्या मैत्रिणीकडून कळलं. चार वर्षांची असेल आता."

"मग लीनाला फोन करून विचारा ना!"

काका भिंतीकडे बघत म्हणाले, "तिनं ग्रंथातलं ते पान पाहिलंय. पुतण्यानं कौतुकानं फोटो पाठवला होता. तेव्हा तिनं एकदाच फोन केला. 'बाबा, यू हॅड इट प्रिंटेड?' तेवढंच बोलली. त्यानंतर मी तीनदा केला. उचलत नाही."

"टाइप तर मीच केलं होतं, काका."

"मी सांगितलं म्हणून केलंस."

ज्या माणसाला यक्तानची तेराच्या तेरा पोरं तोंडपाठ, त्याला स्वतःच्या नातीचं नाव ठाऊक नव्हतं. मी लॅपटॉप उघडला आणि एकेक रकाना भरत गेलो. शेवटच्या रकान्याशी थांबून त्यांच्याकडे पाहिलं.

"तेवढी जागा सोड," काका म्हणाले. "आणि जरा मोठी सोड बरं का. त्यांच्याकडे नावं लांब असतात."