अप्पा आणि आईसाहेब प्रथम समुद्रावर गेले त्याची हकीकत

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

श्रींचे चरणी मस्तक ठेवून, आणि गॅस बंद आहे हे दोन वेळा उठून पाहून, हे वर्तमान लिहावयास घेतले आहे. शके १९४७, विश्वावसु नाम संवत्सर, आश्विन वद्य पक्ष, दिवाळीचे दिवस. ते समयी तळमजल्यावरील येमूल काकू फराळाचे ताट परत द्यावयास वर आल्या आणि उंबऱ्यात उभ्या राहून बोलल्या की, "अगं, हल्ली तुझी गिरूच आजोबांना हाताला धरून घरी आणते की. जरा बघ गं बाई." आम्ही चकल्यांच्या गडबडीत होतो. आम्ही हसून म्हणालो, "काकू, तिला मोठेपणा हवाच असतो," आणि ताट घेतले, आणि दार लावले. राज्यावर जे चालून यावयाचे असते ते प्रथम ऐसेच दारात ताट घेऊन उभे राहते आणि त्यास कोणी आत या म्हणत नाही.

आता राज्य कोणते म्हणाल, तर सोलापुरी तिसऱ्या मजल्यावरचे, दोन खोल्या आणि एक हॉल, आणि नळाला पाणी येईल तो दिवस सणाचा. राज्याचे नाव येथे लिहिण्याचे प्रयोजन नाही. थोरले धनी अप्पा, आमचे सासरे, सूतगिरणीतून खात्याचे मास्तर होऊन निवृत्त जाहले. त्यांच्या पत्नी महानंदाबाई, त्यांस आम्ही आई म्हणतो आणि बाकी सारे आईसाहेब समजून वागतात. त्यांचे चिरंजीव बसवराज, म्हणजे आमचे यजमान, बँकेत चाकरीस. आणि आमची कन्या गिरिजा ऊर्फ गिरू, वय वर्षे पाच. गिरू आणि अप्पा रोज सायंकाळी कोपऱ्यावरील बागेत जात आणि अंधार पडण्याआधी परत येत, आणि आम्ही मनात म्हणत असू की, अप्पा आहेत म्हणून पोरीची काळजी नाही. काळजी बाकी सर्व गोष्टींची होती.

मग पौष मासी सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा आटोपल्यावर बसवराजांनी जेवताना मसलत मांडिली की, आईअप्पांच्या लग्नास यंदा चाळीस वर्षे होतात, आणि दोघांनी आजवर समुद्र पाहिला नाही, तर त्यांस पाँडिचेरीस आठ दिवस पाठवावे. अप्पा म्हणाले, "आठ दिवस समुद्राकडे बघायचं काय? तो काय बदलतो का?" आणि आईंची भाकरी तव्यावर करपली, आणि त्यांची भाकरी करपलेली या राज्यात कोणी पाहिली नव्हती. मग मोहिमेची आखणी आमच्याकडे आली, कारण शंका काढणे हे खाते आमच्याकडेच असे. आम्ही मोबाईलवर हॉटेले पाहिली, आणि प्रत्येक हॉटेलाखाली लोकांनी दिलेले शेरे वाचले, आणि कोठे लिफ्ट अडकते, कोठे बाथरूमची फरशी निसरडी, कोठे जिना अंधारा, हे सारे ध्यानी घेतले. मग लाटा किती उंच येतात ते पाहिले, आणि जवळ डॉक्टर कोण ते पाहिले. बसवराजांची आखणी निराळी. त्यांस आठ दिवसांत नावेतली फेरी पाहिजे, दीपस्तंभ पाहिजे, चिदंबरमचे देऊळ पाहिजे, आणि समुद्रात बुडणारा सूर्य तर पाहिजेच. आम्ही नकाशा दाखवून म्हणालो, "अहो, तिथला समुद्र पूर्वेला आहे. सूर्य उगवेल फक्त. मावळायला तो गावाच्या मागे जाईल." तेव्हा ते खट्टू होऊन म्हणाले, "ऑफिसात सगळ्यांना सांगून बसलोय मी." येणेप्रमाणे मोहिमेचा पहिला मोहरा पडला.

मग आमच्या मनात आले की, तेथल्या गल्ल्या नकाशात पाहता साऱ्या सरळ आणि साऱ्या सारख्या, भिंतीही बहुतेक पिवळ्या, तर अप्पांस मोबाईलवर आपला ठिकाणा घरी कळविण्याचे शिकवावे आणि त्याची रंगीत तालीम घ्यावी. रविवार पाहिला. आई सकाळीच सिद्धेश्वराच्या देवळात गेल्या होत्या. आम्ही अप्पांच्या खिशात मोबाईल ठेविला आणि म्हणालो की, "कोपऱ्यावरून कोथिंबीर तेवढी आणता का? तुम्ही कुठवर पोचलात ते मी इथून बघते." अप्पा म्हणाले, "मी काय पाकीट आहे का, पोस्टानं चाललेलं?" आणि हसत चपला घालून उतरले. आमच्या पडद्यावर एक निळा ठिपका चालू लागला, आणि आम्हांस मोठी विद्या साधल्याचे समाधान जाहले. इतक्यात गिरू आतून आली आणि विचारू लागली की, अप्पा कोठे गेले. कोथिंबीर आणावयास गेले ऐसे ऐकताच ती घाबरी होऊन म्हणाली, "एकटे? मग येतील कसे?" आम्ही म्हणालो, "गेले तसे येतील." ती म्हणाली, "नाही येत गं. कोपऱ्यावर थांबतात ते. मग मी सांगते, अप्पा, हिरवं गेट आपलं. मग येतात." हे ऐकून आम्ही पुन्हा पडद्यावर पाहिले, तो ठिपका कोपऱ्यावर जाऊन परत फिरला होता, आणि आमच्या गेटावरून पुढे निघून गेला होता, आणि शेजारच्या इमारतीत शिरून तेथेच राहिला होता.

मग बसवराज बनियनवर धावले आणि आम्ही गिरूस काखेत घेऊन मागून धावलो. शेजारच्या इमारतीचे गेटही हिरवेच. तिसऱ्या मजल्यावर दार उघडे, दारात अप्पांच्या चपला नीट जोडून ठेविलेल्या, आणि अप्पा परक्या माणसांच्या सोफ्यावर बसून चहा पीत होते. त्या घरची सून, जिला आम्ही फक्त रिक्षाच्या स्टँडवर पाहिले होते, ती आम्हांस बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "आत आले, बसले, आणि मला म्हणाले, सूनबाई, पाणी आण. मला वाटलं आमच्या सासऱ्यांच्या ओळखीचे असतील. लई गोड बोलतात हो." बसवराजांस पाहताच अप्पांच्या चेहऱ्यावर क्षणभर काही आले आणि गेले, आणि ते उठून म्हणाले, "अरे, हे चांगले लोक आहेत. येत जा यांच्याकडे." कोथिंबीर खिशात होती.

दुपारी राज्यात खलबत जाहले. अप्पा आत निजले होते. बसवराज म्हणाले की, वय जाहले, इमारती सारख्या, कोणासही होईल. आम्ही म्हणालो की, आजच्या आज तिकिटे रद्द करा. आणि मग आम्हांस निराळीच गोष्ट सुचली, आणि आम्ही आईंकडे वळून म्हणालो, "आई, गिरू रोज त्यांच्याबरोबर जात होती. रस्ता ओलांडून. ती आणत होती त्यांना. तुम्हाला ठाऊक होतं?" आई गहू निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही आणि म्हणाल्या, "होतं. वर्ष झालं." बसवराज ओरडले, "आणि तू बोलली नाहीस?" आई म्हणाल्या, "बोलले असते तर तुम्ही त्यांना खुर्चीत बसवलं असतं. आज दुपारीच बसवायला निघालात की." मग आमच्याकडे पाहून म्हणाल्या, "आणि पोरीचं म्हणशील, तर गॅलरीतून बागेचं फाटक दिसतं. तुला वाटतं, मी रोज संध्याकाळी तिथं तासभर कपड्यांच्या घड्या घालते? एवढे कपडे आहेत का आपल्या घरात?"

हे ऐकून आम्ही खाली बसलो. आईंच्या घड्या आम्ही रोज पाहत होतो, आणि मनात म्हणत होतो की, म्हाताऱ्या माणसांचे काम असेच संथ. मग आम्ही आवाज नरम करून म्हणालो की, आई, अशा वेळी परमुलखात नको, पुढल्या वर्षी आपण सारेच जाऊ. आई म्हणाल्या, "पुढल्या वर्षी मी समुद्र कुणाला दाखवू? लग्नात म्हणाले होते, महानंदा, तुला समुद्र दाखवीन. गिरणी, शिफ्ट, नणंदांची लग्नं, बसूचं शिक्षण, त्यात राहिलं. आता त्यांच्याच्यानं होत नाही, तर मी दाखवते. अजून मला नावानं हाक मारतात, तोवर." बसवराज म्हणाले, "मग मी रजा काढतो, मी येतो बरोबर." तेव्हा आई प्रथमच हसल्या आणि म्हणाल्या, "चाळीस वर्षांनी नवऱ्याबरोबर एकटी फिरायला निघालेय, आणि मुलगा म्हणतो मी मध्ये बसतो. गप रे." आणि आम्हांस म्हणाल्या, "तू हॉटेल बघ. माणूस मी बघते." येणेप्रमाणे हुकूम जाहला आणि खलबत मोडले.

त्यावर डॉक्टरांकडे जाणे जाहले. त्यांनी अप्पांस तपासले, गोळी लिहून दिली, आणि प्रवासाचे विचारता म्हणाले की, जाऊ द्या, पण रोज तेच आणि तिथेच असू द्या. म्हणून आम्ही सारी आखणी मोडून नवी केली. नाव गेली, दीपस्तंभ गेला, चिदंबरम गेले. समुद्राच्या रस्त्यावर एक हॉटेल, तळमजल्याची खोली, दारास आतून वरची कडी आहे ना हे फोन करून विचारले, तेव्हा पलीकडचा मनुष्य मोडक्या हिंदीत म्हणाला, "म्याडम, यहाँ चोर नहीं है," आणि आम्ही म्हणालो, "हमारे यहाँ भी नहीं है, फिर भी चाहिए." जेवण रोज एकाच खानावळीत, फिरणे रोज एकाच वाटेने, सायंकाळी गाड्या बंद असतात तेव्हा. आम्ही अप्पांच्या मनगटावर नावाची पट्टी बांधावी म्हणालो, तर आई म्हणाल्या, "दप्तर आहे का ते?" मग कॉलरच्या आतून धोब्याच्या खुणेप्रमाणे आमचा नंबर शिवावा ऐसा तह जाहला. आईंनी त्यांच्यासाठी भगव्या लाल रंगाचे दोन शर्ट आणिले, दुरून दिसावे म्हणून, आणि अप्पा आरशापुढे उभे राहून म्हणाले, "मला पाहून गाड्या थांबतील की!" आणि सारे हसले, आणि त्यात आमचेच हसणे लवकर थांबले. वाटेच्या रसदीस कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधिली.

माघ मासी स्वारी निघाली. सोलापूर स्टेशनावर गाडी लागली तेव्हा अप्पा गिरूस म्हणाले, "चल, चढ." ती म्हणाली, "मी नाही अप्पा. माझी शाळा आहे." अप्पा विचारात पडले आणि चढेनात. तेव्हा गिरूने आजीस खाली वाकविले आणि दरबारात मुनीम कुलुपाची किल्ली देतो तशा गंभीरपणे सांगितले की, "आजी, हात तू धरायचा. त्यांना धरू द्यायचा नाही. ते धरतात ना, तर मध्येच सोडतात." आईंनी मान डोलाविली आणि अप्पांचा हात मनगटाच्या वर पकडिला, आणि दोघे चढले. गाडी हलली तेव्हा बसवराज रुमाल शोधीत होते, आणि आम्ही डब्याचा नंबर पुन्हा वाचीत होतो.

आता स्वारी पाँडिचेरीस मुक्कामी आहे आणि निम्मे दिवस गेले आहेत. रोज फोटो येतात. अप्पा लाल शर्टात, मागे समुद्र. अप्पा इडलीपुढे. अप्पा पाण्यात घोट्यापर्यंत, विजार वर खोचून, तोंड उघडे, लहान मुलासारखे. पहिल्या दिवशी समुद्र पाहून ते म्हणाले म्हणे, "महानंदा, केवढं हे! मला आधी का नाही सांगितलंस?" आणि दुसऱ्या दिवशी तेच म्हणाले, आणि तिसऱ्या दिवशी तेच, आणि आई फोनवर म्हणाल्या की, "बरं आहे की. मला रोज नव्यानं दाखवायला मिळतो." बसवराज हे ऐकून निर्धास्त जाहले आणि ऑफिसात पेढे वाटून आले. आम्ही मात्र फोटो मोठे करून पाहतो, आमची खोडच तशी. एकाही फोटोत आई नाहीत. कडेला फक्त त्यांचा एक हात येतो, बांगड्यांचा, अप्पांची बाही धरलेला, आणि बोटांची पेरे पांढरी. काल दुपारी व्हिडिओवर बोलणे जाहले. त्यांच्या मागे खोलीचे दार होते, वरची कडी लावलेली, आणि तरीही दारास टेकवून खुर्ची, आणि त्या खुर्चीवर उशी. आम्ही विचारले, "आई, तुम्ही खुर्चीत झोपता का?" तर म्हणाल्या, "छे गं. जेवलीस का तू?" आणि अप्पांस हाक मारीत फोन ठेविला. आम्ही नंतर विचार केला की, या वर्षभरात आईंनी आम्हांस जेवलीस का ऐसे रोज विचारिले, आणि उलट त्यांस कोणी विचारल्याचे आठवत नाही.

एवंच, राज्याची हकीकत इतकीच की, थोरल्या धन्यांस जे दाखवावयाचे होते ते दाखविले गेले, आणि ते त्यांच्यापाशी टिकत नाही, आणि जिच्यापाशी टिकेल तिला डोळे भरून पाहण्यास फुरसत नाही. बसवराज उद्या निघून परवा तेथे पोचतील, रजा आम्ही त्यांस काढावयास लाविली, आई रागावतील तर रागावोत. परंतु तोवर दोन दिवस आहेत. म्हणून हे वाचणाऱ्यांपैकी कोणी त्या किनारी असेल, किंवा कोणाचे सोयरे, मित्र तेथे असतील, तर विनंती की, सायंकाळी समुद्राच्या रस्त्यावर जावे. लाल शर्टाचे हसतमुख गृहस्थ लगेच दिसतील, आणि ते तुमच्याशी फार गोड बोलतील, परंतु त्यांच्यापाशी थांबू नये, त्यांच्याकडे पाहणारे माणूस आहे. त्यांची बाही धरून शेजारी ज्या बसल्या असतील, त्यांच्याजवळ बसावे, घटकाभर ती बाही आपल्या हाती घ्यावी, आणि विचारावे की, आई, तुम्ही जेवलात का. त्या हो म्हणतील. कृपा करून पुन्हा एकदा विचारावे.