इर्मगार्डच्या दगडावरचा बोकड

इर्मगार्ड गेली त्याला तीन महिने झाले, तरी तिच्या थडग्यावर दगड बसला नव्हता. एर्विनला त्यावर बायकोच्या जन्मगावाचं, जर्मनीतल्या लिंडनरोडचं, ढालीच्या आकाराचं मानचिन्ह कोरून हवं होतं. आणि तिथल्या ग्रामपंचायतीच्या लेखी परवानगीशिवाय ते कोरायचं नाही, असा त्याचा हट्ट होता.

"इथे इंग्लंडमध्ये, श्रूजबरीत कोण चेक करायला येणार आहे?" शेजारच्या देवदत्तने विचारलं.

"इर्मगार्ड," एर्विन म्हणाला. "सरपंचाची मुलगी होती ती."

एर्विन ऐंशीचा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, घरात कॉम्प्युटर नाही. त्याने जर्मन पत्र एकेक अक्षर करून सांगितलं आणि देवदत्तने ते टाइप केलं. पत्ता शोधताना लिंडनरोड नावाची दोन गावं निघाली. एकाच गावाला वेबसाइट होती. देवदत्त पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी आलेला. ज्याला वेबसाइट नाही ते गाव बंद पडलं असणार, असं धरून त्याने मेल पाठवून दिला. एर्विनला विचारायचं राहून गेलं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. दोनशे अकरा वस्तीचं गाव, सात पंच. सरपंचबाई गाई पाळणाऱ्या. आगीच्या बंबाच्या शेडमध्ये सभा भरली, आधी नाल्याचा पाइप मंजूर झाला, मग इर्मगार्डचा दगड. सोबत मानचिन्हाचं चित्र.

एर्विनने कागद नाकाला लावला. "पिवळी ढाल आहे?"

"पिवळीच आहे."

"मग बरोबर."

दगड बसला. ऑक्टोबरात एर्विनच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आणि पहिल्याच रविवारी देवदत्त त्याला दफनभूमीत घेऊन गेला. एर्विनने वाकून दगड पाहिला.

"हा बोकड कोण?" त्याने हळूच विचारलं.

"तुमच्या गावाचा ना?"

"तिच्या गावाच्या ढालीवर पाणचक्की होती. इर्मगार्डला लहानपणी बोकडाने पाडलं होतं. शेळी दिसली की ती रस्ता बदलायची."

देवदत्तने दोन गावांची गोष्ट तिथेच सांगितली. एर्विन रागावला नाही. त्याने रुमाल काढला आणि बोकडावर चिकटलेलं पान पुसून काढलं. ते रागावण्यापेक्षा वाईट होतं.

घरी देवदत्तची बायको हिमानी म्हणाली, "तू दुसऱ्या गावाला लिही ना. सॉरी म्हण आणि परमिशन माग."

त्याने इंग्रजीतच लिहिलं. दुसरं लिंडनरोड तीस वर्षांपूर्वीच शेजारच्या शहरात विलीन झालं होतं. तिथल्या कचेरीने कळवलं की या नावाची पंचायत आता नाही. जी पंचायत नाही तिच्या मानचिन्हाला परवानगी देण्याचा अधिकार कोणालाच नाही. देवदत्तने ते एर्विनला वाचून दाखवलं.

"म्हणजे तिचं गाव तिच्या आधी गेलं," एर्विन म्हणाला. "आणि आम्हाला कोणी कळवलं नाही."

बोकडवाल्या गावाची माफी मागणं उरलं होतं, तीही देवदत्तने मेलवर मागितली. डिसेंबरात तिकडून पत्र आलं, या वेळी टपालाने, शिक्क्यासह. एर्विनने ते स्वतः वाचलं आणि देवदत्त-हिमानीला इंग्रजीत सांगत गेला. दिलेली परवानगी मागे घ्यायची तरतूद सभेला नियमांत सापडली नव्हती. म्हणून त्यांनी इर्मगार्डचं नाव गावच्या रहिवाशांच्या पुस्तकात लिहून घेतलं होतं. रविवारी तिच्यासाठी चर्चची घंटा वाजवली. सरपंचबाईंनी खाली हाताने लिहिलं होतं, 'चार वर्षांत आमच्याकडे नवीन कोणी राहायला आलेलं नाही.'

एर्विनने चष्मा काढून ठेवला. हिमानीने चहा पुढे केला, तो त्याने घेतला नाही.

"देवदत्त, अजून एक पत्र टाइप करशील?"

"थँक यूचं ना? हो, लगेच करतो."

"थँक यू पण लिही. आणि अर्ज, माझ्या दगडावरही तोच बोकड कोरायचा. तिच्या शेजारची जागा माझी आहे. तिला एकटीला त्या बोकडाजवळ ठेवणं बरं नाही."

देवदत्तने कीबोर्ड पुढे ओढला. बोलायचं काहीतरी म्हणून त्याने विचारलं, "अर्जात तारीख काय टाकू?"

एर्विनने चष्मा परत लावला.

"त्यांची सभा कधी आहे ते आधी बघ," तो म्हणाला. "उगाच घाई नको."