बांधांचं शेत

वडिलांच्या पश्चात शेताची वाटणी करायची आणि ती न्यायानंच करायची, यावर तिन्ही भावंडांचं एकमत झालं. इथवर सारं सुरळीत होतं.

थोरला वजनमापांचा निरीक्षक. आयुष्यभर दुसऱ्यांचे तराजू तपासून त्याला न्यायाची सवयच जडली होती. मधला शाळेत गणित शिकवायचा. धाकटी बहीण गेली कित्येक वर्षं तेच शेत कसत होती, त्यामुळे साहजिकच तिचं मत कुणी विचारलं नाही.

"दादा, मला कुठलाही तुकडा द्या," ती आपणहून म्हणाली. "पेरणी तोंडावर आलीय. जमिनीतली ओल गेली की वर्ष गेलं."

"अगं, कुठलाही कसा? उद्या नेमका खडकाळ भाग वाट्याला आला तर? तुझ्यावर अन्याय झालेला मला खपायचा नाही," थोरला म्हणाला.

म्हणून चांगल्या जमिनीचे तीन आणि खडकाळ जमिनीचेही तीन भाग पडले. धाकटीनं बियाणं काढलं. तेवढ्यात मधल्याच्या लक्षात आलं, की विहिरीजवळच्या भागाला पाणी आधी मिळणार. मग सगळे भाग आडवेही चिरले. पुढं शेतातल्या एकुलत्या झाडाच्या सावलीचा प्रश्न निघाला. ती सकाळी एकाच्या हद्दीत, तर दुपारनंतर दुसऱ्याच्या हद्दीत जात असल्याचं निदर्शनास आल्यानं तिथंही पट्ट्या पाडण्यात आल्या. प्रत्येक पट्टीला बांध हवा, आणि बांधावरून तंटा नको म्हणून ज्याचा त्याला स्वतंत्र बांध हवा. बांध घालता घालता शेत संपलं.

"आता वाटायला राहिलं काय?" धाकटीनं विचारलं.

मधल्यानं हिशोब करून पाहिला. "काहीच नाही. पण तिघांना अगदी सारखं."

थोरल्याचे डोळे भरून आले. इतका बिनचूक न्याय त्यानं अख्ख्या नोकरीत पाहिला नव्हता. दोघं भाऊ समाधानानं आपापल्या कामावर परतले.

धाकटी मात्र शेतातच थांबली. वर्षभर खायचं काय? दुसऱ्या दिवशी कुदळ घेऊन तिनं बांधांवरच मका टोकला. एकटीनं खुरपला, पाखरं हाकलली, कणसं सोलली. बांधांची माती नवी, भुसभुशीत. मका असा काही तरारला, की चांगली दहा पोती भरली. धाकटी हरखून गेली.

बातमी लागताच दोघं भाऊ तराजू घेऊन हजर झाले. नऊ पोती चुटकीसरशी वाटून झाली. दहाव्यापाशी गाडं अडलं, ते अजून अडलेलंच आहे.

आता ते दहावं पोतं कुणाला द्यावं, याचा विचार तुम्हीही करू लागला असाल. आधीच्या नवांबद्दल तुम्हाला काही वावगं वाटलं नव्हतं, नाही का?