झिपऱ्याच्या केसांतलं सोनं

सोनाराच्या कारखान्यात केर फेकत नाहीत. फरशीवरची धूळ, कानशीचा चुरा, हात धुतलेल्या पाण्यातला गाळ, सगळं साठवायचं, भट्टीत जाळायचं आणि निघालेलं सोनं वाटून घ्यायचं. यंदा ते निम्मंच निघालं.

दाजी, टकले पॉलिशवाले काका आणि दाजींचा मेहुणा झिपऱ्या यांनी आजवर वाटणीवरून कधी हूं की चूं केलं नव्हतं. पण नेमका आदल्या सुट्टीला तिघांनी एक जुना सिनेमा पाहिला होता. त्यात तीन मित्र डोंगरात सोनं खणतात आणि शेवटी एकमेकांच्या जिवावर उठतात. माणूस इतका कसा हावरट होतो, म्हणून तिघं हळहळलेही होते.

आता तिघं एकमेकांचे खिसे उलटे करत होते. काकांच्या चपला आपटून झाल्या. दाजींनी नखं कोरून दाखवली. मग काकांची नजर झिपऱ्याच्या केसांवर गेली. यंदा लग्नासाठी म्हणून वाढवलेले, मानेवर रुळणारे, तेल चोपडलेले केस.

"चुरा तिथं चिकटतोय," काका म्हणाले. "माझ्याकडे बाबा लपवायला जागाच नाही."

झिपऱ्याचं लग्न रविवारी होतं. मुलीने ना घर विचारलं होतं ना पगार. केसांकडे बघून हसली होती, तोच तिचा होकार. त्याने डोकं धुऊन पाणी देऊ केलं, विंचरून कंगवा देऊ केला. कुणी ऐकेना.

"कर नाही त्याला डर कशाला?" दाजी म्हणाले.

झिपऱ्या खुर्चीत बसला. काकांनी आधी कात्री चालवली, मग वस्तरा. केस भट्टीत गेले, कारखानाभर घाण वास सुटला, आणि सोनं वितळवायच्या मुशीच्या तळाशी मोहरीएवढा पिवळा थेंब चमकला.

झिपऱ्या शपथा घेऊ लागला, पण त्याच्याकडे लक्ष कुणाचं होतं? दाजी आणि काका कोपऱ्यात साखळ्या जोडत बसलेल्या ताईकडे, म्हणजे दाजींच्या बायकोकडे, टक लावून बघत होते. ताईची वेणी कमरेखाली पोचत होती.

ताईने पक्कड ठेवली आणि शांतपणे कात्री उचलली.

"दिवसभर चुऱ्यावर नाक टेकून कोण बसतं? आधी तुमच्या मिशा."

दाजींचा हात झुपकेदार मिशांवर गेला. "घरातल्या घरात कसली गं झडती? माणसाचा माणसावर विश्वास हवा."

झिपऱ्याने खुर्चीवरचे केस झटकले आणि दाजींसमोर आरसा धरला.